खाली वांगं, वर टोमॅटो आणि मधे आम्ही

आमच्या शेडमध्ये किस्से साठतात याचं कारण अगदी सोपं आहे. डाव्या हाताच्या चिमटीत रोप, उजव्या हातात अर्धं ब्लेड, आणि नजर काडेपेटीच्या काडीएवढ्या खोडावर. मोकळं काय राहतं? तोंड! सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतक्या बायकांची तोंडं मोकळी राहिली की काय काय साठेल, तुम्हीच विचार करा. दुसऱ्यांकडे हसण्याचे किस्से साठतात. आमच्याकडे निव्वळ भांडणं! आता सांगताना हसू येतं खरं, पण घडली तेव्हा अंगाची लाही लाही झाली होती. काही आठवली की अजून होते.

काम काय, ते आधी सांगते. सुरतजवळ, पलसाण्याच्या पुढे, हायवेला लागून आमची नर्सरी. तिथे आम्ही भाजीच्या रोपांना कलम करतो. जंगली वांग्याचं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा तिरका कापायचा. टोमॅटोचा शेंडा तसाच तिरका कापायचा. कापाला काप भिडवायचा आणि वर प्लास्टिकची इवलीशी क्लिप लावायची. खाली वांगं, वर टोमॅटो. कशासाठी? तर ओलपाडकडची जमीन खारट, आणि पावसाळ्यात शेतात पाणी उभंच्या उभं. साधा टोमॅटो त्यात मान टाकतो. जंगली वांग्याचं मूळ मात्र चिवट. खारं पाणी येवो, चिखल होवो, ते धरून राहतं.

आमच्या टेबलावरची सगळ्यात चिवट बाई म्हणजे रंजनाताई. शहाद्याकडची. नवरा भेस्तानला कापडाच्या लूमवर. आधी ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. राग नाकावर! आणि एकदा का राग आला की तिची मराठी संपते आणि अहिराणी सुरू होते. मी परभणीकडची. मला अहिराणी इथे येऊन समजायला लागली, तीसुद्धा आधी भांडणातलीच.

*

कलम झालेला ट्रे लगेच एका बंद खोलीत जातो. आत अंधार, एसी, आणि वरून धुक्यासारखं बारीक पाणी. जखम भरेपर्यंत रोपांनी तिथे आराम करायचा. आम्ही त्या खोलीला ‘आयसीयू’ म्हणतो.

आणि आम्ही कुठे? बाहेर, पत्र्याखाली. मे महिना. पंखा आहे, पण लावायचा नाही. का, तर वाऱ्याने कापलेला शेंडा सुकतो. शेंडा सुकता कामा नये, बाई सुकली तर चालेल!

एका दुपारी आमच्यातली एक पोरगी चक्कर येऊन टेबलावरच कोसळली. मॅनेजर रमणभाई ऑफिसातून धावत आले. आम्हाला वाटलं, पोरीला उचलतायत. त्यांनी तिच्या हाताखालचा ट्रे उचलला!

झालं! रंजनाताई उठली. पोरीला काखेत धरलं, फरफटत आयसीयूत नेलं आणि दोन रॅकच्या मधे थंडगार फरशीवर झोपवलं. मागोमाग आम्ही सगळ्या आत. आहाहा, काय गारवा! त्या खोलीत आम्ही रोज शेकडो रोपं पाठवायचो, पण जरा वेळ थांबायची परवानगी आम्हाला कधी नव्हती.

खोलीतला ओलावा जाईल म्हणून रमणभाई दारात उभे राहून ओरडायला लागले. “बेन, दरवाजो बंद करो! भेज निकळी जशे! रोपं मरी जशे!”

रंजनाताईने दार बंद केलं. आतून कडी घातली. आणि आतून तितक्याच जोरात ओरडली, “केलं बंद!”

नर्सरीचे मालक, शेठ, आल्यावरच आम्ही बाहेर आलो. दुसऱ्या दिवसापासून उन्हाळाभर पहाटे यायचं आणि ऊन चढायच्या आत घरी जायचं, असं ठरलं. पोरगी ठीक आहे. ट्रेसुद्धा ठीक होता, रमणभाई तो किस्सा सांगतात तेव्हा एवढंच सांगतात.

*

मग पाहुणे. शेठला पाहुणे आणायची भारी हौस. एकदा कुठल्याशा मोठ्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. गॉगल डोक्यावर, बरोबर फोटोवाला. आदल्या दिवशी कलम केलेला ट्रे शेठने मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे धरला.

“अय्या, किती क्यूट! क्लचरचं पिल्लू!” असं म्हणून मॅडमनी एक क्लिप काढली.

टोमॅटोचा शेंडा टपकन खाली पडला.

“अरेच्चा, पडलं.” म्हणून दुसरी काढली. तोही पडला. तिसरी काढली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तुमचं काम जरा कच्चं आहे का?”

माझ्या हातात ब्लेड होतं. मी ते खाली ठेवलं. ठेवलेलं बरं!

रंजनाताई म्हणाली, “मॅडम, तुमच्याकडे ऑपरेशन झालं की दुसऱ्याच दिवशी टाके काढून बघतात का?”

शेठ घाईघाईने हसले. “मजाक करे छे! मजाक करे छे!” आणि आमच्याकडे पाहून डोळे वटारले. नंतर आम्हाला ऐकवलं ते वेगळंच. पाहुण्यांशी कसं बोलावं, आपल्या नर्सरीचं नाव काय, आपली लायकी काय... मोडलेल्या रोपांबद्दल चकार शब्द नाही.

मॅडमचा फोटो पेपरात छापून आला. हातात कलमी रोप, चेहऱ्यावर हसू. आम्ही पेपर टेबलावर पसरला आणि सगळ्या जणी डोळे बारीक करून बघत बसलो. मॅडमनी टोमॅटोचा शेंडा दोन बोटांनी धरून ठेवला होता!

*

एक काका मात्र आमच्यावरच भडकून आले. ओलपाडकडचे. आले ते सरळ ऑफिसात, आणि खांद्यावरची गोणी रमणभाईंच्या टेबलावर ओतली. वाटाण्याएवढी हिरवी फळं, घोसच्या घोस, देठांना काटे. सगळीकडे घरंगळली. एक रमणभाईंच्या चहात पडलं.

“टोमॅटो म्हणून काय दिलंत? हे खाऊन दाखवा!”

रमणभाईंची नेहमीची पद्धत. तक्रार आली की बोट आमच्याकडे. “या बायकांनीच उलटं लावलं असणार.” उलटं! म्हणजे आम्ही टोमॅटो खाली आणि वांगं वर लावलं! रंजनाताईचा पारा असा चढला की तिने तिथल्या तिथे काकांना सांगितलं, “चला, तुमच्या शेतात जाऊन बघू.” शेठने टेम्पो दिला. मीपण गेले.

शेतात बघतो तर काय! माणसाच्या उंचीची काटेरी झाडं. बांबू रोवलेले, सुतळीने बांधलेले, खत घातलेलं, खाली गवताची काडी नाही. इतकी निगा आम्ही पोटच्या पोरांची केली नाही. आणि टोमॅटोचा कुठे पत्ता नाही.

रंजनाताईने दात-ओठ खात विचारलं, “काका, जोडाच्या खालून फुटवे आले की काढून टाका, असं सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतं ना!” काका म्हणाले. “पण बेन, वरचं होतं मरतुकडं. खालचं काय जोमात आलं! म्हणून मी मरतुकडं काढून टाकलं.”

परतताना पलसाण्याचा पूल आला तेव्हा रंजनाताई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, “मना सासरा बी असाच शे.”

*

यानंतरचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर लोक मेलेली रोपं घेऊन यायला लागले. पाणी साचलं आणि प्लॉटच्या प्लॉट झोपले. एक बाई आली होती, नवऱ्याबरोबर, गुडघ्यापर्यंत चिखल. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने पिशवीतून एक सुकलेलं रोप काढून आमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “तुमची क्लिप बघून घेतलं होतं.”

क्लिप आमचीच होती. निळी. मी रोप हातात घेतलं, क्लिप काढली. खाली कापच नव्हता! व्रण नाही, जोड नाही, काही नाही. सरळसोट साधा टोमॅटो, आणि त्याला नुसती क्लिप अडकवलेली!

मग हळूहळू उलगडलं. जोड पक्का झाला की क्लिपा निघतात. आम्ही त्या झाडून पोत्यात भरायचो आणि रमणभाई ती पोती भंगारवाल्याला द्यायचे. हायवेवर रोपांचा एक स्टॉल होता. तो माणूस भंगारातून क्लिपा घ्यायचा, साध्या रोपांना लावायचा आणि कलमी म्हणून विकायचा. वर आमच्याच नर्सरीचं नाव सांगायचा.

त्या संध्याकाळी आमचा टेम्पो घरी जाताना त्याच्या स्टॉलपाशी थांबला. थांबला म्हणजे काय, रंजनाताईने ड्रायव्हरची कॉलर धरली म्हणून थांबला! आम्ही सगळ्या उतरलो. स्टॉलवाला आधी गोड बोलला. मग म्हणाला, “क्लिप लावली आहे ना? मग कलमीच झालं. तुम्ही तरी दुसरं काय करता? क्लिपच लावता!”

आम्ही काय करतो! मान मोडेपर्यंत वाकून, बोटं कापून घेऊन, डोळ्यांत पाणी येईस्तोवर आम्ही काय करतो, ते हा सांगणार!

रंजनाताई पुढे झाली. अहिराणी सुरू झाली होती. “तुले काही कयस का रे? त्या बाईनं वावर गयं!” त्या बाईचं शेत गेल्याचा सगळा राग त्या आवाजात होता. आणि त्याला कळायच्या आत पदराच्या गाठीतली निळी क्लिप काढून तिने त्याच्या कानाच्या पाळीला लावली.

“घे! आता तू बी कलमी!”

रस्त्यावरची माणसं हसली. त्या बाईचा नवरा मात्र हसला नाही. आमच्या मागोमाग तोही तिथे येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे बघितलं आणि आमचंही हसू गेलं.

स्टॉल आठवड्याभरात उठला. पुढच्या गावात नव्या नावाने लागला, असं ऐकतो. त्या बाईला शेठने नवे ट्रे दिले. मनाने दिले असं नाही. रंजनाताई ऑफिसच्या दारात उभी होती, ट्रे टेम्पोत चढेपर्यंत ती हलली नाही. आणि आता वापरलेली प्रत्येक क्लिप आम्ही ब्लेडने दोन तुकडे करूनच फेकतो.

*

टोमॅटोच्या रोपांचा रस हाताला लागला की बोटं आधी पिवळी, मग हिरवी, मग काळी होतात. साबण लावा, लिंबू लावा, राख लावा. काही उपयोग नाही. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाचं स्थळ रंजनाताईच्या मुलीला, पूजाला आलं, तेव्हा हीच बोटं आडवी आली.

मी मदतीला गेले होते. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, टोमॅटोची कोशिंबीर. रंजनाताई वाढायला आली आणि मुलाची आत्या एकदम म्हणाली, “हे काय, हात असे काळे का?”

“नर्सरीचं काम आहे. टोमॅटोचा रंग लागतो.”

“म्हणजे धुता येत नाही?”

“धुऊन जात नाही.”

आत्याने ताट थोडं मागे सरकवलं. अगदी थोडं. पण सगळ्यांनी पाहिलं. पूजाने पाहिलं, तिच्या बापाने पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता अहिराणी सुरू होते. पण रंजनाताई वाकली आणि आत्याच्या ताटातली कोशिंबीर चमच्याने परत वाटीत काढून घेतली. मग मुलाच्या काकांच्या ताटातली. मग मामांच्या.

“ताई, हे काय करताय?” मामा म्हणाले.

“याच हातांनी लावलेल्या झाडाचे टोमॅटो आहेत. तुम्हाला चालायचे नाहीत.”

ती मुलापर्यंत पोचली. मुलाने दोन्ही हातांनी ताट झाकलं आणि हळूच म्हणाला, “मावशी, मला राहू द्या. मला आवडते.”

सोयरीक जमली नाही. पण पूजा अजूनही म्हणते, “आई, तो चांगला होता. आत्याच तेवढी खुडायला हवी होती!”

*

आणि आता शेवटचा. हा सांगताना अजून संताप होतो, म्हणून तो ब्लेड खाली ठेवूनच सांगायचा असतो.

पाऊस संपल्यावर एकाएकी ट्रे मरायला लागले. आयसीयूतून बाहेर येईपर्यंत पानांच्या कडा करपायच्या, जोड काळा पडायचा. रोज ट्रेमागून ट्रे उकिरड्यावर. आम्हाला पाण्याचा संशय होता. बोअरच्या पाण्याला फेस यायला लागला होता, वास यायचा, आणि पांढऱ्या बादलीत भरलं की फिकट गुलाबी झाक दिसायची. आजूबाजूला कापड रंगवणाऱ्या मिला आहेत. कुणाचं काय कुठे मुरतंय, कोण सांगणार? आम्ही रमणभाईंना सांगितलं. ते म्हणाले, “पाणी एकदम सरस छे. मी स्वतः पितो.” त्यांच्या टेबलावर विकतची बाटली होती.

आमच्यात सगळ्यात वयस्कर कुसुमआजी. अमळनेरकडची, केस कापसासारखे पांढरे, तोंडात मोजून चार दात, पणतू शाळेत जातो. पण ब्लेड धरलं की हात हलत नाही. ती मला म्हणाली, “पोरी, हा आता आपल्यावर काहीतरी आणणार बघ.”

आणलंच! दुसऱ्या दिवशी रमणभाईंनी सगळ्यांना उभं केलं. आधी घसा खाकरला. मग पत्र्याकडे बघत म्हणाले की, त्यांनी खूप विचार केला, जाणकारांना विचारलं, आणि कारण सापडलं आहे. अडचणीच्या दिवसांत बायका रोपांना हात लावतात, म्हणून रोपं मरतात. यापुढे ज्या बाईची अडचण असेल तिने सकाळी गेटवरच सांगायचं आणि परत जायचं. त्या दिवसांची हजेरी लागणार नाही.

तिथे लग्न न झालेल्या पोरी होत्या. ट्रे उचलणारे पुरुष होते. एका पोरीचे कान लालबुंद झाले. आम्ही उन्हात सुकलो, तेव्हा रोपांना आमची बाधा झाली नाही. ताप अंगावर काढून बसलो, तेव्हा झाली नाही. मिलचा रंग पोटात गेलेल्या बोअरला कुणी काही विचारायचं नाही, आणि आम्ही गेटवर उभं राहून, पुरुषांसमोर, आपलं सांगायचं! मला रडू आलं. दुःखाचं नाही, संतापाचं. रंजनाताईकडे पाहिलं, तर तिने ब्लेड टेबलावर ठेवून दिलं होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. घरी जाताना टेम्पोत बोलली ती कुसुमआजी. आणि जे ठरलं ते त्या टेम्पोतच ठरलं.

पुढे काय झालं, ते आधी सांगून टाकते. दुसऱ्या दिवसापासून एकाही बाईने रोपाला हात लावला नाही. रमणभाईंनी ट्रे उचलणाऱ्या पुरुषांना ब्लेडं दिली, स्वतः शेजारी उभे राहिले, स्वतः पाणी मारलं. चार दिवसांत ते ट्रेही करपले. सगळेच्या सगळे! शेठ आले, करपलेले ट्रे बघितले, बादलीतलं पाणी बघितलं, आणि त्याच संध्याकाळी टँकर मागवला. आम्ही परत गेलो. नवे ट्रे जगले. माफी कुणी मागितली नाही. रमणभाई लोकांना सांगतात, टँकरची आयडिया त्यांची होती. गेटवर थांबायचं मात्र कुणी परत बोललं नाही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

त्या सकाळी आम्ही टेम्पोतून उतरलो आणि आत गेलोच नाही. गेटसमोर बदामाचं झाड आहे, त्याखाली ओळीने मांडी घालून बसलो. पदर खोचलेले, डबे मांडीवर. रमणभाई अॅक्टिव्हावरून आले आणि गेटपाशीच थबकले.

“शुं थयुं? आत का नाही गेलात?”

रंजनाताई म्हणाली, “अडचण.”

त्यांनी तिच्या शेजारणीकडे पाहिलं. “अडचण.”

माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. “अडचण!”

ओळीने एकेक जण सांगत गेली. ती कान लाल झालेली पोरगीसुद्धा, मान वर करून. ट्रे उचलणारे पुरुष गेटच्या आत उभे राहून ऐकत होते. रमणभाईंना घाम फुटला. शेवटी ओळीच्या टोकाला आले, तर तिथे कुसुमआजी. पांढरे केस, चार दात, मांडीवर डबा.

रमणभाईंचा आवाज चिरकला. “आजी! तुम्हालासुद्धा?”

आजीने पदर नीट केला आणि हायवेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “तुम्हीच म्हणाले ना, बोअरचं पाणी चांगलं आहे? काल पोटभर प्याले. आज सकाळी बघते तर, परत सुरू!”